कंप्युटरचं तोंड कुठल्या बाजूला

दसऱ्याच्या सकाळी सासूबाई पाटावरची पूजा हलवत होत्या आन मी मागं उभी राहून मनातल्या मनात नुसती घाई करत होते. आई, उरका. आई, उरका ना. तोंडानं बोलायची छाती नाय. कडेवर पोरगी, हातात मोबाईल, आन मोबाईलवर शहापूरच्या, लग्नपत्रिका छापनाऱ्या प्रेसवाल्या काकांचा मेसेज येऊन पडलेला. मुहूर्ताची पत्रिका पाठवलीय, दुपारच्या आत टाईप करून पाठव, मंग बघू.

मंग बघू. ह्या दोन शब्दांवर माझं सगळं टांगलेलं होतं.

सांगते कसं ते. आमच्या गावातून मुरबाडच्या कंपन्यांमधे प्याकिंगला बायका जातात. पहाटे फाट्यावर ठेकेदाराची गाडी येते, तिच्यात बसायचं, काळोख पडता परत यायचं. दसरा झाला की मी पन जायची, असं घरात ठरलं होतं. मुकादम बाईंनी जागा धरून ठेवली होती. कामाचं मला काय वाटत नाय, भाताच्या आवनीला चिखलात दिवस दिवस वाकलेली बाई मी. पन माझी पोरगी. नुकती कुठं धरून धरून चालायला लागलेली, अंगावर पिनारी. वाटीतलं दूध थुंकून टाकायची. सासूबाईंकडं दिली की माझ्या वाटंकडं बघत अशी रडायची की आवाज बसायचा. आन हे मी नुसती बोरिंगवर पानी आनायला गेले तरी. गाडीत बसून गेले तर दिवसभर ती काय करंल?

त्यातच ह्यांना, म्हंजे माझ्या नवऱ्याला, कळलं की प्रेसमधे टाईप करनाऱ्या मुलीचं लगीन झालं आन ती गेली. तुळशीचं लगीन लागलं की पत्रिकांचा नुसता पूर येतो, काका मानूस शोधत होते. ह्यांनी माझं सांगितलं. घरून करंल बोलले. काका बोलले, घरून? बघू. दसऱ्याला हंगामातली पहिली, मुहूर्ताची पत्रिका देतो, तिच्या हातची कशी येते ती बघतो.

म्हंजे पत्रिका झाली तर मी घरात आन पोरगी मांडीवर. नाय झाली तर पहाटेची गाडी.

आता कंप्युटरचं सांगते. आमचा कंप्युटर दुकानातून खोक्यात भरून आलेला नव्हता. ह्यांनी एकेक वस्तू जमवली आन घरीच जोडला. सुट्टीच्या दिवशी पडवीत गोधडी अंथरून बसायचे, मी शेजारी, स्क्रू सगळे पोह्यांच्या वाटीत. हा रॅम, हा प्रोसेसर, हे ग्राफिकचं कार्ड, ह्याच्यामुळं चित्र दिसतं. ते सांगत जायचे, मी हूं हूं करत जायची. मला वाटायचं सगळं डोक्यावरून चाललंय. नववीतून शाळा सुटलेली मी. पन काय तरी आत झिरपत होतं वाटतं. त्यांनी घेतलेल्या प्रोसेसरला स्वतःला चित्र काढता येत नाय, म्हनून ते कार्ड येगळं बसवायचं. मागं स्क्रीनची वायर लावायला दोन भोकं, एक वर, एक खाली. वरच्यात लावली तर काळोख, ते भोक आंधळं. खालचं कार्डाचं, त्याच्यातच लावायची. हे मला पाठ झालं होतं, कारन पहिल्याच दिवशी हे स्वतः वरच्यात लावून बसले होते आन दुपारभर डोकं धरून वायरींना शिव्या घालत होते.

मंग मी टाईप करायला शिकले. पोरगी निजली की बसायची. आधी नुसतं अ आ इ, मंग गावातल्या सगळ्यांची नावं, मंग घरात पडलेल्या जुन्या पत्रिका बघून बघून. आमचे येथे श्रीकृपेकरून. ते तर मी झोपेत पन टाईप करायची.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजतात. विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सगळं धुवून पुसून पाटावर आडवं मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, वरून अक्षता. मंग दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत त्याला कोनी हात लावायचा नाय. वरीसभर राबलंय, एक दिवस निजू दे त्याला, सासूबाई बोलतात. हलवायची म्हंजे परत अक्षता टाकायच्या आन पाट जरासा सरकवायचा. झालं, हत्यार कामाला मोकळं.

त्या नवमीला सासूबाई बोलल्या, "कंप्युटरची पन पूजा करायची. काम करतो ना तो? मंग हत्यारच."

ह्यांनी वायरी काढल्या, स्क्रीन टेबलावरच राहू दिला, नुसता डबा पुसून पाटावर आनून उभा केला.

"उभा काय ठेवतोस रे? निजव त्याला."

"आई, तो उभाच असतो."

"तू पन उभाच असतोस. निजतोस ना मंग?"

आता सवाल असा पडला की निजवायचा कसा, तोंड कुठलं. पुढच्या अंगाला नुसतं एक बटन. सासूबाईंनी डबा फिरवून फिरवून बघितला, बैल बघतात तसा. मंग जिकडं सगळ्या वायरी लागतात ती भोकांची बाजू त्यांनी हातानं चापसली आन बोलल्या, "हे तोंड. खातो हितून, बोलतो हितून. ते तिकडचं बटन म्हंजे बेंबी." आन तोंड वर करून डबा निजवला. पूजेला तोंड वरच पाहिजे. मला पन ते पटलं. खरंच की, हितूनच तर सगळं आत जातं. ह्यांनी फक्त मान हलवली आन आंब्याची पानं आनायला गेले.

कुंकू लागलं, झेंडू बसला, अक्षता पडल्या. सकाळी हलवताना परत पडल्या, मूठ भरून. हे तोवर कंपनीत गेले होते. दसरा असला तरी त्यांच्याकडं मशीनची पूजा असते, सगळ्यांनी जायचं असतं. जाताना मला बोलले, "पूजा हलवली की लाव वायरी. येतंय तुला."

येतंय मला. पन एकटीनं कधी लावल्या नव्हत्या.

सासूबाईंनी पाट सरकवला न सरकवला तोच मी डबा उचलला. पोरगी खाली सोडली, ती माझा पदर धरून उभी. जाडी काळी वायर लावली. कीबोर्ड लावला, माऊस लावला. स्क्रीनची वायर खालच्या भोकात. जराशी घट्ट गेली. दाबली. मंग देवाचं नाव घेतलं आन बटन दाबलं.

पंखे फिरले! आतला निळा लाईट लागला. टुक करून एक आवाज आला, तो बरा आवाज असतो, म्हंजे आतलं सगळं ठीक. मी पोरीला उचलून गालाचा मुका घेतला. आन स्क्रीनकडं बघितलं तर स्क्रीन काळाच.

बघत राहिले. मंग त्याच्यावर एक चौकोन आला, त्यात इंग्रजीत लिहिलेलं, सिग्नल नाय. तो चौकोन पान्यातल्या पानासारखा हिकडून तिकडं तरंगत गेला. मंग तो पन विझला.

मी स्क्रीनवर बोटानं टकटक केलं.

"काय झालं गो?" सासूबाई विळे पुसत होत्या.

"दिसत नाय."

"कोनाला?"

"मला. म्हंजे त्याला. कंप्युटरमधे काय दिसत नाय, आई!"

"कालच तर पूजा केली त्याची," सासूबाई अशा बोलल्या की जसा तो पेढा खाऊन पळालाय.

ह्यांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. तसंच. ढोल वाजत असनार तिकडं, फोन खिशात असनार. मला रडूच यायला लागलं. पत्रिकेचं सगळं त्या कंप्युटरमधे, ते मोबाईलवर नाय होत. काकांना फोन करून सांगावं का, की जरा थांबा? पन घरून बघू बोलनाऱ्या मानसाला पहिल्याच दिवशी काय सांगनार, की चालू होत नाय? मुहूर्त तो, तो काय माझ्यासाठी थांबतोय?

मंग मी नाक पुसलं आन जे जे ह्यांना करताना बघितलं होतं ते ते आठवायला लागले.

पहिली गोष्ट, स्क्रीनचा स्वतःचा लाईट आहे का. आहे. बटन बंद चालू करून बघितलं. आहे. मंग बिघाड डब्यात नायतर वायरीत. जाडी वायर काढली, म्हंजे करंट बंद. खिडकीच्या गजाला हात लावला, आत हात घालायच्या आधी लोखंडाला हात लावायचा असतो, अंगातली वीज उतरते बोलतात. डब्याचं झाकन काढलं. आतमधे झेंडूची एक पाकळी. ती उचलली. रॅमच्या दोन्ही टोकाच्या चापी उघडल्या, कट कट, आन रॅम बाहेर काढला. त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, हे मी कितीदा बघितलेलं. खोडरबर ह्यांनी स्क्रूच्या डबीतच ठेवला होता. घासायला बसले.

सासूबाई बघत होत्या. "रबर? शाळेतलं?"

"हो."

"बरं झालं. तुझ्या बापाला सांगते, नववीपर्यंतचं शिक्षन फुकट गेलं नाय म्हनून."

मला हसू पन आलं आन रडू पन आलं. रॅम परत बसवला, कट कट. कार्ड पन बाहेर काढलं, त्याचे पन दात पुसले, परत दाबून बसवलं. वायरी लावल्या. बटन. पंखे, निळा लाईट, टुक. स्क्रीन काळा. तोच चौकोन, तसाच तरंगला, तसाच गेला.

तेवढ्यात फोन वाजला. हेच! मी अशी झडप घातली की पोरगी घाबरून रडायला लागली.

"अहो, दिसत नाय ओ काय! पंखे फिरतात, टुक वाजतं, पन दिसत नाय!"

"काय?" तिकडं ढोल आन शंख, काय ऐकू येईना. "कोन दिसत नाय? पोरगी?"

"पोरगी हाये! कंप्युटर दिसत नाय!"

"चोरला?"

"अहो, स्क्रीन! स्क्रीन काळा!"

मंग ते कुठं तरी आडोशाला गेले वाटतं, आवाज जरा कमी झाला. "घाबरू नको. वायर कुठल्या भोकात लावलीस? वर की खाली?"

"खाली. तुमच्यासारखी वर नाय लावली."

"बरं बरं. कीबोर्डवर नमलॉक दाब. बारका लाईट लागतो का?"

दाबलं. लाईट लागला. परत दाबलं, विझला. परत दाबलं, लागला. "लागतो!"

"मंग तो जिवंत हाये. आतून चालू झालाय, फक्त तुला दाखवत नाय. वायर बघ. टीव्हीच्या सेटटॉपची वायर तीच असते, ती आपली वायर टीव्हीला लावून बघ. टीव्ही दिसला तर वायर चांगली." मागून कोनी तरी त्यांना हाक मारली. "नारळ फोडायला बोलवतायत. मी..." आन ढोल परत सुरू झाला. फोन गेला.

जिवंत हाये. हे ऐकलं आन मला काय झालं काय माहीत, भीतीच्या मधूनच एक गंमत वाटायला लागली. म्हंजे तो आत बसलाय, जागा हाये, सगळं करतोय, फक्त आमच्या दोघांच्या मधी काय तरी अडलंय. एवढंच! मी पदर खोचला.

वायर काढून टीव्हीकडं धावले. सेटटॉपच्या भोकात घातली, गपकन आत गेली. दुसरं टोक टीव्हीला, गपकन. टीव्ही लावला आन कुठल्याशा देवळातली आरती लखलखीत दिसायला लागली. सासूबाईंनी बसल्या जागी हात जोडले.

वायर चांगली!

परत काढली, परत कंप्युटरकडं. खालच्या भोकात घालायला गेले आन हात थांबला. गपकन गेली नाय. सेटटॉपमधे कशी गपकन गेली, टीव्हीमधे गपकन गेली, हितं मात्र थोडीशी बाहेर राहिली. नखाएवढी. मघाशी मला वाटलं होतं घट्ट हाये म्हनून घट्ट हाये. परत काढली, परत घातली. नखाएवढी बाहेरच. वरच्या आंधळ्या भोकात घालून बघितली, गपकन.

"आई," मी ओरडले, "आई, ह्याच्या घशात काय तरी अडकलंय!"

आता सासूबाई उठल्या. करंट काढला. मोबाईलचा टॉर्च लावून आम्ही दोघी त्या भोकात बघायला लागलो, डोकं डोक्याला लागलं. आतमधे लाल. मला तर वाटलं जळलं. जळून लाल झालं, संपलं, आता मुरबाडची गाडी. टॉर्च जरा वाकडा केला. लाल, आन त्याच्या टोकाला पांढरं.

सासूबाई हळूच बोलल्या, "अक्षता हाये गो."

तोंड वर केलं होतं ना! पूजेला तोंड वर पाहिजे म्हनून! आन तोंडातच पडली. आमच्याकडं घरची झिनी असते, बारीक लांबुळका दाना, तोच कुंकवात भिजवलेला. जाडा तांदूळ असता तर त्या फटीत गेलाच नसता. एक दाना आत गेला, वरून मी वायर दाबून दाबून अजून आत ढकलला, आन तो कुंकवासकट तिथं चिकटून बसला.

सासूबाईंचं तोंड असं झालं की जसा देवाचा नवस चुकलाय.

"बेंबीकडून पूजायला पाहिजे होता," त्या बोलल्या.

मला हसू फुटलं. अशा वेळेला! त्या पन हसायला लागल्या, आन आमचं बघून पोरगी पन टाळ्या पिटायला लागली. पन ऊन ओट्यावर आलेलं होतं, सरकत पायरीपर्यंत आलं होतं, दुपार जवळ आली होती.

लेकराच्या घशात काय अडकलं की आपन काय करतो? पालथं घालतो आन पाठीवर थापटतो. मला तेच सुचलं, दुसरं काय सुचनार. आम्ही दोघींनी डबा उचलला, ओट्यावर गोधडी घातली, तोंड खाली करून धरला. सासूबाईंनी धरला, मी पाठीवर थापटलं. हलक्या हातानं, अगदी हलक्या. टप टप करून अक्षता पडल्या. दुसऱ्या फटींमधल्या, पंख्याच्या जाळीतल्या. हळदीची पूड पडली. अजून एक पाकळी पडली. पोरगी एकेक दाना वेचून तोंडात घालायला लागली, तिच्या तोंडातून काढायचं ते येगळंच काम. पन तो एक दाना नाय पडला. टॉर्च मारला, तिथंच बसलेला, लाल.

"सुई आन," सासूबाई बोलल्या.

"सुई नको! लोखंड नको आत. हे ओरडतील."

"मंग काय नखानं काढू?"

आन मंग त्याच उठून घराच्या मागं गेल्या. कुंपनाच्या बाभळीचा एक काटा मोडून आनला, लांब, पांढरा, टोकाला तांबूस. गावात कोनाच्या पायात काटा गेला की सासूबाईंकडंच येतात. पाय मांडीवर घेतात, तो मानूस ओरडायच्या आत काटा बाहेर. आता काट्यानं काढायचा होता तांदूळ.

"टॉर्च धर. हलवू नको. आन रडू नको, तुझे हुंदके डब्याला बसतात."

मी दम धरला. त्यांनी डब्याचं तोंड ओट्याच्या उजेडाकडं वळवलं, मांडी घालून बसल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. काटा आत घातला. भोकाच्या मधी एक पट्टी असते, तिच्यावर बारीक सोनेरी रेघा, मी सांगितलं, पट्टीला काटा नाय लागला पाहिजे. "दिसतंय मला," त्या बोलल्या. काटा कडेकडेनं गेला. दाना हलला. परत बसला. त्यांनी काटा थोडा खालून घातला, वर केला, आन तांदळाचा अर्धा तुकडा बाहेर आला.

"मोडला!" मी बोलले.

"मोडू दे. कोन खानार हाये तो?"

उरलेला अर्धा काढायला त्यांनी इतका वेळ लावला की माझा टॉर्चचा हात बधिर झाला. मंग तो पन आला, काट्याच्या टोकाला चिकटून. त्यांनी तो तळहातावर घेतला, फेकला नाय. अक्षता ती. उठून तुळशीत टाकून आल्या.

मी तोंडानं फुंकर मारनार होते, ते पन आठवलं, थुंकी जाते बोलतात. नुसता कोरडा कपडा बोटाला गुंडाळून कडा पुसल्या. डबा आत आनला. वायरी. शेवटी स्क्रीनची वायर, खालचं भोक.

गपकन!

तो आवाज ऐकूनच मी उडी मारली. बटन दाबलं. पंखे, निळा लाईट, टुक. आन काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं धावली, मंग कंपनीचं चित्र आलं, मंग निळं झालं, मंग आमच्या पोरीचा फोटो, बारशाचा, तो मीच लावलेला. दिसलं! दिसलं ओ! मी सासूबाईंना मिठी मारली. लगीन होऊन आल्यापास्नं मी त्यांना कधी मिठी मारली नव्हती. त्या बोलल्या, "अगो सोड, काटा हाये हातात."

मंग मी बसले. पत्रिकेचा फोटो मोबाईलमधे, मोबाईल पान्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पोरगी मांडीवर, अंगावर पीत होती, एक हात तिच्या पाठीवर आन एक हात कीबोर्डवर, मंग दोन्ही हात, ती आपली चिकटलेली. वराकडची मंडळी, वधूकडची मंडळी, काका, मामा, आत्या, आमच्या बोलीत ज्यांना जसं बोलतात तसं नाय, पत्रिकेत लिहितात तसं. मधीच पोरीनं हात मारला आन एका मामाच्या पुढं ळळळळळ आलं. ते खोडलं. मुहूर्त, स्थळ, किलबिल, सगळं. बोटं माझी असली धावत होती की माझी वाटत नव्हती. सासूबाई मागं उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाय, पन मला बोलल्या, "ही वळ वाकडी दिसते." खरंच वाकडी होती. सरळ केली.

ऊन पायरी उतरून अंगनात गेलं तेव्हा मी पाठवलं.

मंग गप्प बसून राहनं. ते सगळ्यात वाईट. मोबाईलकडं बघायचं, परत बघायचं. दोन निळ्या खुना आल्या, म्हंजे काकांनी उघडलं. आन पुढं काय नाय. मला वाटलं हसत असतील. नववीतली बाई, मांडीवर पोर घेऊन पत्रिका करते.

फोन वाजला. मी झटकन उचलला.

"अगं, हाय का?"

"हो काका."

"आत्याच्या खाली रेघ जाडी आलीय. आन एका मामांची वेलांटी चुकलीय."

"करते. लगेच करते काका."

"कर. आन ऐक. दोघीतिघींना सांगितलेलं मी आज. बाकीच्या फोनच उचलत नाहीत, दसरा हाय म्हणून. तुझ्याकडं लाईट जात नाही ना सारखी?"

"जाते. पन येते पन."

ते हसले. "मग घरूनच कर. आणखी पाठवतो. सकाळी मला फोन करत जा."

मी हो बोलले, आन परत हो बोलले, आन फोन बंद झाल्यावर पन हो हो करत बसले होते. सासूबाई समोर. "काय बोलले?" मी जोरजोरात मान हलवली. पोरीला छातीशी अशी आवळली की ती कुरकुरायला लागली.

ती दुरुस्ती करून पाठवली, आन मंग एक काम राहिलं. ते मला सगळ्यात अवघड. मुकादम बाईंना सांगायचं. मी जन्मात कोनाला फोनवर नाय म्हटलेलं नाय. सासूबाईंकडं बघितलं, वाटलं त्या बोलतील. त्यांनी माझ्याकडनं पोरगी घेतली आन बोलल्या, "तूच बोल. काम तुझं हाये."

लावला फोन.

"बाई, मी नाय येत."

"म्हंजे? दसऱ्यानंतर येते बोललीस ना? तुझ्यासाठी दुसरीला नाय बोलले मी!"

"घरी काम मिळालं मला."

"घरी कसलं काम? भांड्याचं?"

"कंप्युटरवर."

बाई बोलल्या, "परत जागा मागायला येशील तर नाय मिळनार हां. सांगून ठेवते."

पोरगी सासूबाईंच्या कडेवरून दोन्ही हात पुढं करून माझ्याकडं झेपावत होती.

"नका ठेवू जागा," मी बोलले. "दुसरीला द्या."

आन फोन खाली ठेवून मी तिला घेतली.